महाराजांसाठी मांडलेलं पान

दरवर्षी दत्तजयंतीच्या सुमारास आमच्या मंडळात मला माझा अनुभव सांगायला लावतात. मंडळाच्या अंकातही तो छापून आला आहे. मुलगा तुरुंगात अडकला, बापाने गुरुचरित्राचा सप्ताह मांडला, आणि उद्यापनाच्या दिवशी आरती चालू असताना मुलगा उंबऱ्यावर येऊन उभा राहिला. ऐकताना बायका डोळे पुसतात. कार्यक्रम संपल्यावर माणसं माझ्या पाया पडतात आणि मी पडू देतो. जे सांगितलं ते घडलं होतं. पण जे सांगायचं टाळलं, तेही त्याच आठवड्यात, त्याच घरात घडलं होतं. ते आज लिहितो आहे. अंकात छापलं नाही, तर मंडळात उभा राहून वाचून दाखवीन.

आमचं घराणं बंगळूरला कधी आलं हे आता कुणालाच नीट ठाऊक नाही. आजोबांचं पेटेत, म्हणजे जुन्या बाजारात, भांड्यांचं दुकान होतं, ते मी म्हातारा होईपर्यंत चालवलं आणि मग जे. पी. नगरात घर बांधून राहिलो. मुलगा गिरीश एका चिट फंडाच्या कचेरीत हिशेब बघायचा. मालक एके दिवशी नाहीसा झाला. ज्यांची बचत बुडाली ते पोलिसांत गेले, आणि कचेरीत जे सापडले त्यांना पोलिसांनी नेलं. पावत्यांवर गिरीशच्या सह्या होत्या. पुढे खटल्यात तो निर्दोष सुटला. पण तो निर्दोष होता म्हणून हे सगळं वाईट, असं कुणी समजू नये. दोषी असता, तरी मी केलं ते तितकंच वाईट ठरलं असतं.

तुरुंगात त्याला भेटायला मी एकदाच गेलो. फाटकाबाहेर रांग होती, बहुतेक बायकांची. कुणाच्या कडेवर मूल, कुणाच्या हातात धुतलेल्या कपड्यांची पिशवी. पहाऱ्यावरचा शिपाई सगळ्यांशी एकाच आवाजात बोलत होता, जणू गुन्हा रांगेतल्यांनीच केला आहे. मला म्हणाला, "ए अज्जा, बाजूला हो." उभ्या आयुष्यात मला कुणी असं हटकलं नव्हतं. मी बाजूला झालो तो थेट घरीच आलो, आणि भेट मिळाली नाही असं सांगितलं. त्यानंतर माझी सून वैशालीच जात राहिली. आमच्या वकिलाने पैसे घेऊन पाठ फिरवली, तेव्हा तुरुंगात असलेल्याला सरकारकडून फुकट वकील मिळतो, त्याचं कार्यालय कोर्टाच्या आवारातच असतं, हे तिला त्या रांगेतच कळलं. बंगळूरबाहेर आनेकलकडच्या लक्ष्मक्का म्हणून एक बाई होत्या, त्यांचा मुलगाही आत होता. त्यांनी तिचा हात धरून ते कार्यालय दाखवलं. मंडळात आमच्या ओळखीचे एवढे शिकलेसवरलेले लोक, पण त्यातल्या एकानेही घरी येऊन काही विचारलं नाही. हळदीकुंकवाची बोलावणी तेवढी बंद झाली.

त्या फुकटच्या वकिलाने जामीन मिळवला. मला वाटलं, संध्याकाळपर्यंत मुलगा घरी येईल. पण जामीन मंजूर होणं वेगळं आणि सुटका होणं वेगळं. ज्याच्या नावावर घर किंवा जमीन आहे अशा माणसाने कोर्टात उभं राहून सांगावं लागतं, की हा तारखेला आला नाही तर जबाबदार मी. असा माणूस मिळाला नाही, तर कोर्टाने जा म्हटलेला माणूसही आतच बसून राहतो. असे कितीतरी जण बसून आहेत. न्यायाधीशांनी सोडलेले, घरच्यांनी न सोडवलेले. हे लिहितानाही माझ्या अंगाचा तिळपापड होतो, आणि मग आठवतं, की आमच्याकडे तर घर माझ्याच नावावर होतं.

वैशाली दुपारी माझ्याकडे आली. म्हणाली, "मामंजी, उद्या कोर्टात चला. तुमची सही लागेल आणि घराच्या कागदांची नक्कल."

मी म्हणालो, उद्यापासून मी सप्ताहाला बसतो आहे. सप्ताहात सीमा ओलांडता येत नाही, परान्न चालत नाही, सोवळं मोडता येत नाही. कोर्टात कसा येऊ?

"सप्ताह पुढच्या आठवड्यात बसलात तर?"

"संकल्प केलाय."

तिने विचारलं, "कुणासाठी केलाय?"

मी म्हण फेकली. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. आमच्या घराण्यात कुणी चढलेलं नाही. ती आत गेली. आता लिहितोच. संकल्प मी केलेलाच नव्हता. तिने विचारल्यानंतर, संध्याकाळी हातावर पाणी घेऊन केला. पोलीस पत्त्याच्या पडताळणीला घरी येतील, गल्ली बघेल, आणि पोरगा पळालाच तर घर जाईल, या भीतीला मी पोथीच्या फडक्यात गुंडाळलं आणि त्याला श्रद्धा म्हटलं. देवाला मी आडोसा केला. याहून मोठं पाप मला ठाऊक नाही.

सप्ताह यथासांग झाला. मी पहाटे उठून वाचत असे, जमिनीवर निजत असे, आणि वैशाली माझं एकवेळचं सात्त्विक जेवण रांधून मग कोर्टाला जात असे. गिरीश सुटू दे, अशी प्रार्थना करताना माझे डोळे खरोखर भरून येत. किल्ली कमरेला लावून दार उघड, दार उघड म्हणून देवाला साद घालणाऱ्या माणसाला काय म्हणावं, ते वाचणाऱ्याने ठरवावं.

उद्यापनाला मंडळातले सगळे आले होते. आमच्याकडे रीत आहे, पंगतीच्या आधी एक पान महाराजांसाठी मांडायचं, भोवती रांगोळी काढायची आणि सगळे पदार्थ वाढून वाट बघायची. महाराज भर दुपारी भिक्षेला येतात, कुठल्या वेषात येतील सांगता येत नाही, हे मीच त्या दिवशी सगळ्यांना समजावून सांगितलं होतं. आरती चालू होती आणि दारात गिरीश उभा राहिला. दाढी वाढलेली, गालफडं बसलेली. बाजूला वैशाली. त्यांच्या मागे खांद्यावर टॉवेल टाकलेला एक काळासावळा, सडसडीत माणूस होता. वहाणा त्याने बाहेरच काढून ठेवल्या होत्या.

पुढची गडबड सांगायला नको. मी मुलाला मिठी मारली, जयजयकार झाला. वैशाली म्हणत होती, "मामंजी, हे मुनिराजण्णा, यांना..." मला तो रिक्षावाला वाटला. मी कागदात थोडा शिरा बांधून त्याच्या हातावर ठेवला आणि कन्नडमध्ये म्हणालो, सरी अण्णा, बरं, तुम्हाला उशीर होत असेल, निघा. त्याने प्रसाद डोळ्यांना लावला, आत एकदा देवाकडे पाहिलं आणि निघून गेला. महाराजांचं पान तसंच वाढलेलं राहिलं. संध्याकाळी रीतीप्रमाणे ते गाईला घातलं.

सगळे गेल्यावर वैशालीने सांगितलं. मुनिराजण्णा हे लक्ष्मक्कांचे यजमान. आनेकलजवळ त्यांची थोडी जमीन आहे, फुलं लावतात. बायकोने घरी जाऊन सांगितलं, त्या मराठी मुलीच्या नवऱ्याला जामीनदार मिळत नाही. सकाळची बस धरून, जमिनीचा उतारा घेऊन ते आले. गिरीशला त्यांनी आधी कधी पाहिलंही नव्हतं. न्यायाधीशांनी विचारलं, आरोपी तुमचा कोण? ते म्हणाले, "नम्म हुडुगा. आमचाच पोरगा."

मी हात जोडले. म्हणालो, महाराजांनीच पाठवलं गं त्यांना.

वैशाली भांडी आवरत होती. मान वर न करता म्हणाली, "पाठवलं असेल. पण महाराजांनी आधी तुम्हाला विचारलं होतं."

हे सगळं कळल्यानंतरही मी मंडळात अनुभव सांगितला तो मुनिराजण्णांना वगळून. पहिल्या वेळी लाजेने वगळलं, नंतर सवयीने. गिरीशने कधी तोंडावर काही म्हटलं नाही. मी अनुभव सांगायला उभा राहिलो, की तो पाणी प्यायला म्हणून बाहेर जायचा.

गेल्या महिन्यात एक मुलगी घरी आली. प्राजक्ता, मूळची नागपूरची, नवऱ्यासह इंदिरानगरला राहणारी, दोघेही कंपनीत कामाला. रस्त्यावर गाडी घासण्यावरून भांडण झालं, नवऱ्याच्या धक्क्याने एकाचं डोकं फुटलं, आणि नवरा आत गेला. जामीन मंजूर झाला होता, पण जामीनदार दोन हवे होते. इथे ओळख कुणाची? कंपनीतले मित्र फोन उचलेनात. कोर्टाबाहेर पैसे घेऊन भाड्याचा जामीनदार उभा करणारे दलाल मात्र तिच्याभोवती फिरत होते. नागपूरच्या सासऱ्यांनी सांगितलं होतं, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. मी वैशालीवर फेकली होती तीच म्हण.

मग ती म्हणाली, "काका, तुमचा अनुभव मला व्हॉट्सॲपवर आला. मी पण सप्ताहाला बसलेय. आज मधलाच दिवस आहे, पण तुमच्या पाया पडायला आले. शहरातल्या शहरात चालतं ना? सीमा ओलांडली असं नाही ना होत?"

मी विचारलं, वकील काय म्हणतात?

"ते म्हणतात, अट कमी करायचा अर्ज देऊ, सह्या करायला या. मी म्हटलं, उद्यापन झाल्यावर येते. मध्येच उठले तर फळ मिळणार नाही ना."

आतून वैशालीने कॉफीचा पेला ओट्यावर आपटला. माझ्या खोट्या पुण्याईवर विसंबून ही पोर घरात पोथी वाचत बसली होती आणि तिचा नवरा आत बसला होता. मी तिला सगळं सांगितलं. संकल्प कधी केला, शिरा कुणाच्या हातावर ठेवला, सगळं. ऐकता ऐकता प्राजक्ताचा आवाज चढला.

"म्हणजे मी इतके दिवस... काका, माझा नवरा आत आहे. तुम्ही हे लिहिलंच कसं? लोक वाचतात, खरं मानतात, एवढं पण वाटलं नाही तुम्हाला?"

तिने मला याहून पुष्कळ सुनावलं असतं, तरी ते कमीच होतं. मी उठलो आणि कपाटातून घराचे कागद काढले.

वैशाली तिला घेऊन त्याच फुकट वकिलांच्या कार्यालयात गेली. हे नीट लिहितो, कारण वाचणाऱ्यांपैकी कुणाला तरी लागेल. जामीन होऊनही माणूस सुटत नसेल, तर अट सैल करण्याचा अर्ज करता येतो आणि हे वकील त्याचे पैसे घेत नाहीत. दलालाला एक पैसा देऊ नका. आमच्या अर्जावर दोनाच्या जागी एक जामीनदार कोर्टाने मान्य केला. पडताळणीला हवालदार घरी आला, कॉफी पिऊन गेला. गल्लीने पाहिलं. आभाळ कोसळलं नाही. एवढ्याशा गोष्टीला भिऊन मी पोटच्या पोराला आत ठेवलं होतं.

कोर्टाच्या पायऱ्या माझ्या गुडघ्यांना उंच होत्या. प्राजक्ताने एका बाजूने धरलं, वैशालीने दुसऱ्या. न्यायाधीशांनी विचारलं, आरोपी तुमचा कोण? दुसऱ्याचं वाक्य चोरल्यासारखं वाटत होतं, पण त्याच्याहून खरं वाक्य मला सापडेना. म्हणालो, "आमचाच पोरगा." त्या क्षणी छातीत जे हलकं झालं, ते एवढ्या पारायणांत कधी झालं नव्हतं. शरण जाणं म्हणजे हात जोडून बसून राहणं, असं मी जन्मभर समजलो. पण जोडलेले हात सुटले नाहीत, तर महाराजांनी काम सांगायचं कुणाला?

मग मी गिरीशबरोबर आनेकलला गेलो. मुनिराजण्णा आता थकले आहेत. त्यांचा मुलगा केव्हाच सुटून आला आणि फुलांचं तोच बघतो. मी माफी मागायला लागलो, तर त्यांना दारातला प्रसंग आठवेचना. आठवला तो शिरा. "बसमध्ये खाल्ला," ते म्हणाले. "शेजारच्या बाईलाही दिला. चांगला होता, पण स्वल्प कमी होता." लक्ष्मक्का पदर तोंडाला लावून हसल्या. मी दोघांनाही यंदाच्या उद्यापनाचं आमंत्रण दिलं.

ते आले. शेवंतीने भरलेला हारा घेऊन आले. महाराजांचं पान वाढून झालं, तसा मी मुनिराजण्णांचा हात धरून त्यांना त्या पानावर बसवलं. प्राजक्ताचा नवरा पाण्याचे पेले ठेवत होता. आमचे अध्यक्ष जवळ येऊन हळूच म्हणाले, "अहो, नैवेद्याचं पान आहे ते." मी म्हणालो, हो, ठाऊक आहे. मंडळातले दोघेजण न जेवता उठून गेले. जाऊ देत. त्यांची पानं मी लक्ष्मक्कांना आणि वैशालीला वाढली. माझ्या घरात त्या पंगतीला इतक्या वर्षांत वैशाली कधी बसली नव्हती, हे मला त्याच दिवशी ध्यानात आलं.

मुनिराजण्णांनी शिरा पुन्हा मागितला. मी एक डाव घालून हात मागे घेऊ लागलो. त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरून ठेवलं, आणि मी आणखी वाढला.