चिंचेने घासलेला दात

नरडाण्याच्या प्रशीलचा वरचा समोरचा दात वरातीत बँडमध्ये ट्रम्पेट वाजवताना पडला. नाचणाऱ्या कुणाचा तरी कोपर ट्रम्पेटच्या कर्ण्याला लागला, दुसरं टोक दातावर आदळलं आणि दात मुळासकट बाहेर आला. प्रशील तेव्हा एकोणीस वर्षांचा. वडील पितांबर त्याच बँडमध्ये ढोल वाजवायचे. त्यांनी दात रुमालात बांधला आणि वरात मांडवापर्यंत पोचवली. अर्ध्यात थांबलेल्या बँडला पुन्हा सुपारी मिळत नाही.

घरी आल्यावर त्यांनी दात घासला. लग्नाआधी ट्रम्पेट घासत तसाच, चिंच आणि राख लावून, मुळापर्यंत, चकाकेपर्यंत. पोराच्या तोंडात मळका दात कसा बसवायचा?

धुळ्याच्या डॉक्टर मृणाली यांनी तो बसवला, तारेने बांधला, पुढे त्याची नसही काढली. मुळावरचा जिवंत पापुद्रा घासून गेलाय, त्यामुळे दात कायमचा टिकणार नाही, हे त्यांनी प्रशीलला एकट्याला सांगितलं. तो घरी बोलला नाही.

दात टिकला. प्रशील वाजवत राहिला, त्याच्या ट्रम्पेटसाठी शिरपूरपर्यंतची लग्नं येऊ लागली.

काही वर्षांनी काढलेल्या एक्स-रेत मूळ अर्धं नाहीसं झालेलं दिसलं. डॉक्टरांनी बारीक दांड्याने दातांवर ठोकून पाहिलं. बाकीचे बद्द वाजले, हा एकटा खणकन वाजला. सगळ्या दातांत हाच पक्का, असं वाटून बाजूला उभ्या पितांबरांचा चेहरा उजळला.

"बठ्ठासमा पक्का हाऊच शे," ते म्हणाले.

डॉक्टरांनी दांडा खाली ठेवला. मग म्हणाल्या, दात हाडाला चिकटलाय म्हणून असा वाजतो. हाड मूळ खात जाणार, एक दिवस दाताचा बाहेरचा भाग मोडून पडणार. हे थांबवणारं औषध नाही. तोवर तपासत राहायचं, पडल्यावर कृत्रिम दाताचं बघायचं. ट्रम्पेटचा दाब मात्र आजपासून बंद.

असं का झालं, पितांबरांनी विचारलं. डॉक्टरांनी प्रशीलकडे पाहिलं.

"फार येळ रुमालमा ऱ्हायना, नाना," प्रशील म्हणाला.

पितांबर खाली बघत राहिले. वरात थांबवायला हवी होती, असं काहीतरी पुटपुटले. मग स्वतःचीच समजूत घालावी तसे म्हणाले, "मी ते चांगला घसेल व्हता."

"हा, नाना."

आता ट्रम्पेट बँडमधला भूपेंद्र वाजवतो. लग्नाच्या आदल्या दिवशी पितांबर अजूनही चिंच भिजत घालतात आणि ओट्यावर बसून पितळ घासतात. प्रशील समोर बसतो. जिभेने दात चाचपतो. दात हलत नाही.