पितळी फुलांची होम प्लेट

"सविते, जावईबापूंना विचार, चष्मा लागला आसंल तर नगरला नेऊन करून आणू! आपल्या खर्चानं!"

हे माझे सासरे माझ्यापासून वीस फुटांवर उभे राहून बोलले. बोलले म्हणजे असे, की मैदानापलीकडच्या तुरीत शिरलेल्या शेळ्या आपण होऊन बाहेर आल्या. मलाही ते ऐकू आलं, हे वेगळं सांगायला नको. तरीही माझी बायको स्कोअरच्या टेबलावरून उठली, नवी साडी सावरत माझ्यापर्यंत चालत आली आणि म्हणाली, "अहो, आण्णा विचारतायत, चष्मा करायचाय का?"

"त्यांना सांग, अंपायर मी आहे. चेंडू बॅटच्या टप्प्यात होता, स्ट्राइकच."

ती वीस फूट परत गेली. निरोप पोचवला. सासऱ्यांनी अतिशय नम्रपणे मान डोलावली.

"बरं. त्यांना म्हणावं, चेंडू आमच्या पोरीच्या डोक्यावरनं गेला, पण जावईबापू म्हणत्यात तर स्ट्राइकच आसंल. सकाळपासनं पोरगी बुटकी झाली आसंल."

हा प्रकार समजायला माझे सासरे, म्हणजे मामा, समजायला हवेत. तिसगावजवळच्या एका शाळेत ते पीटीचे सर. तीस वर्षं पोरींना बेसबॉल शिकवला आणि तीस वर्षं अंपायरांशी भांडले. जिल्ह्यात असा अंपायर नाही ज्याच्या कानात मामांचा आवाज अजून घुमत नाही. एकाने तर शिट्टी त्यांच्या हातात देऊन नोकरी सोडली आणि गावी जाऊन डाळिंबं लावली. (डाळिंबं चांगली आली. तो दर दिवाळीला मामांना पेटी पाठवतो.) एकदा निर्णय पटला नाही म्हणून मामा दुसऱ्या बेसवर मांडी घालून बसले, ते शाळा सुटली तरी उठले नाहीत.

पण तीस वर्षांत मामांची टीम जिल्ह्याच्या पुढे कधी गेली नव्हती. दरवर्षी शेवटच्या मॅचला माती खायची. आणि या महिन्याअखेर मामा रिटायर होणार होते. म्हणजे ही शेवटची जिल्हा स्पर्धा, तीही त्यांच्याच शाळेच्या मैदानावर. जिंकले तर पोरींना घेऊन पुण्याला, विभागीय स्पर्धेला. मामांनी जीप सांगून ठेवली होती, आणि गाडी लागणाऱ्या दोन पोरींना खिडकीच्या जागाही देऊन टाकल्या होत्या.

मी तिथे अंपायर म्हणून गेलोच नव्हतो. मी गेलो होतो जेवायला. अधिक महिना चालू होता. तीन वर्षांनी येणाऱ्या या महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण. त्याला बोलवायचं, पाय धुवायचे, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, कपडे करायचे, आणि मुख्य म्हणजे त्याला एक शब्द वाकडा बोलायचा नाही. हे शेवटचं कलम मला फार आवडतं. मी काष्टीहून पहाटेच सविताला मागे बसवून निघालो होतो आणि सकाळचा नाष्टाही मुद्दाम टाळला होता.

इकडे नेमलेल्या अंपायरने मैदानावर मामांना पाहिलं, आणि त्याच्या पोटात कळ आली. ती कळ त्याला मोटरसायकलवर घेऊन गेली. आयोजकांनी हात टेकले. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, सरांचे जावई आलेत, त्यांनी अंपायरचं ट्रेनिंग केलंय. (केलं होतं. मी गणित शिकवतो. पण दोन दिवस ऑन ड्यूटी रजा आणि दोन्ही वेळचं जेवण मिळत असेल, तर मी बाळंतपणाचंही ट्रेनिंग करीन.)

मला वाटलं, समोरच्या टीमचे कोच हे चालू देणार नाहीत. राहुरीकडच्या शाळेचे ते गाडेकर सर. सासऱ्याच्या मॅचला जावई अंपायर, कोण मान्य करील? पण गाडेकर सर हे मामांहून सवाई पोचलेले. ते म्हणाले, "मला जावईच पाहिजेत. महिना कोणता चाललाय? सर त्यांना काय बोलणार? तीस वर्षांत एक मॅच तरी शांततेत होऊ द्या."

मामांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी पूर्वी एकदाच पाहिलं होतं, लग्नात माझ्या मावशीने मानाची साडी परत केली तेव्हा.

तर अशा रीतीने मामांनी तो रस्ता काढला. जावयाला बोलायचं नाही, पण पोटच्या पोरीला काय वाटेल ते बोलता येतं. सविता स्कोअर लिहायला बसली होती, ती टपाल खात्यात रुजू झाली. सुरुवातीला निरोप जसाच्या तसा यायचा. तिसऱ्या डावापासून ती स्वतःचाही मजकूर घालू लागली. "आण्णा म्हणतायत ती पोरगी सेफ होती. आणि मी म्हणते, तुम्हाला घरी डोळ्यांसमोरचा रिमोट सापडत नाही, इथे काय दिसणार?" पुढे गाडेकर सरांनीही तिलाच गाठायला सुरुवात केली. "वहिनी, सरांना सांगा, माझ्या पिचरचा चेंडू त्यांच्या सासऱ्यांच्या मानेसारखा सरळ होता." मग मामा मलाच नव्हे तर गाडेकरांनाही तिच्यामार्फत बोलू लागले, आणि ते दोघे एकमेकांपासून चार फुटांवर होते!

शेवटच्या डावात सविताने पेन खाली ठेवलं. "मी काय पोस्टमन आहे का? मी चालले आईला धोंडे करू लागायला." आणि गेलीसुद्धा. मला हायसं वाटलं. ही माझी त्या दिवसातली पहिली घोडचूक.

आता होम प्लेटबद्दल सांगायला हवं. होम प्लेट म्हणजे जिथे उभं राहून बॅट मारायची आणि सगळे बेस पळून परत जिथे पोचायचं, ती पांढरी पट्टी. पोचण्याआधी कॅचरने हातातला चेंडू अंगाला लावला की आऊट. शाळेची रबराची प्लेट उन्हाळ्यात तापून पापडासारखी वळली होती. म्हणून मामांनी सकाळी घरातला एक पाट आणला, बरोबर मापाचा, आणि दोन बोटं माती उकरून त्यात बसवला. शिसवी पाट, चारी कोपऱ्यांना पितळी फुलं. बेसबॉलच्या इतिहासात इतकी देखणी होम प्लेट झाली नसेल. मी सकाळपासून तिच्यामागे ओणवा उभा होतो, आणि हा पाट कुठेतरी पाहिलाय, असं मला सारखं वाटत होतं.

सविता घरी पोचली तेव्हा मामी, म्हणजे माझ्या सासूबाई, रांगोळी काढून बसल्या होत्या. मध्ये पाटाची जागा रिकामी. जावयाचा पाट सगळ्या घरात शोधून झाला होता, माळ्यावर आणि म्हशीच्या गोठ्यातही. सविताने थंडपणे सांगितलं, पाट मैदानात आहे आणि त्याच्यावर पोरी घसरतायत.

मामी निघाल्या.

मैदानात तेव्हा दोन्हीकडे नऊ-नऊ रन होते. मामांच्या टीमची शेवटची बॅट, दोन आऊट झालेल्या, कोमल नावाची चपळ पोरगी तिसऱ्या बेसवर. ती घरी पोचली की पुणे. नाही पोचली तर बरोबरी, आणि आधीच्या मॅचच्या रनवर राहुरीवाले पुढे. मामांनी टोपी काढून हातात धरली होती. चेंडू पडला, बॅट लागली, चेंडू लांब गेला आणि कोमल सुटली.

नेमक्या त्याच क्षणी माझ्या पाठीमागून आवाज आला. "बाई, बाई, बाई! नारायण बसायचा पाट!"

मी वळलो. समोर सासूबाई. मी संस्कारी माणूस, पाया पडायला वाकलो. अधिक महिन्यात जावयाने सासूच्या पाया पडायचं नसतं, सासूनेच पडायचं असतं, म्हणून त्याही घाईने वाकल्या. आमची डोकी एकमेकांवर अशी आपटली की मला तीन बेसऐवजी सहा दिसले. त्या सावरल्या, खाली वाकल्याच होत्या म्हणून त्यांनी पाट उचलला, पदराने पुसला आणि मैदानाकडेच्या लिंबाच्या झाडाकडे चालायला लागल्या.

मागे धुरळा उडाला. कोमल घसरत आली, पाटाच्या खड्ड्यातून सपकन गेली आणि बघते तर घर जागेवर नाही. तिने मामींच्या हातात पाट पाहिला, उठली आणि त्यांच्यामागे पळाली. कॅचरच्या हातात चेंडू आला होता. ती कोमलच्या मागे. दोन पोरी अंगावर येताना बघून मामी पाट छातीशी धरून पळाल्या. साठीच्या बाई, पण काय वेग! लिंबाला दोन वेढे झाले. शेवटी मामींचा पदर मुळीत अडकला आणि दोघी पोरी पाटासकट त्यांच्या अंगावर पडल्या.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी कपाळाचं टेंगूळ चोळत होतो. मला काहीही दिसलं नव्हतं. अशा वेळी अंपायरने ठाम असावं असं ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं, म्हणून मी ठामपणे सासूबाईंना विचारलं, "मामी, आधी काय झालं? कोमलचा हात पाटाला लागला, का त्या पोरीचा चेंडू कोमलला?"

मामींनी श्वास घेतला. मामांकडे पाहिलं. पण पाट मांडीवर, महिना अधिकाचा आणि समोर नारायण. खोटं बोलायची सोय नव्हती.

"खरं सांगायचं तर चेंडू आधी लागला," मामी म्हणाल्या. "कोमलचा हात मग. माज्या बोटावरच आला की."

मी हात वर केला. "आऊट!"

राहुरीच्या पोरी नाचायला लागल्या. बाकी सगळे मामांकडे वळले. काही पालक तर मोबाईल काढून शूटिंगला तयार. मामांनी तोंड उघडलं. इकडेतिकडे पाहिलं. स्कोअरच्या टेबलाकडे पाहिलं. मग तोंड मिटलं, टोपी घातली, आले आणि निकालाच्या कागदावर मुकाट्याने सही केली. तीस वर्षांत पहिल्यांदा! गाडेकर सर इतके घाबरले की त्यांनी मामांची नाडी पाहिली.

दुपारी त्याच पाटावर मी बसलो. पाय धुतले गेले, ओवाळणं झालं. पुरणाचा धोंडा फोडणार, तेवढ्यात ज्यांनी आम्हाला ट्रेनिंग दिलं होतं त्या सरांचा फोन आला. बातमी नगरपर्यंत पोचली होती. मी जरा अभिमानानेच सगळं सांगितलं.

"अहो, बेस जागेवरनं हलला तर जागा धरतात, बेस नाही. पोरगी खड्ड्यातून गेली ना? मग ती तिथेच सेफ झाली. पुढचं पळणं फुकट. मी शिकवलं होतं की हे. दुसऱ्या दिवशी, जेवणानंतर."

दुसऱ्या दिवशी जेवणात बासुंदी होती. जेवणानंतरचं मला काहीच आठवत नाही.

समोर मामा तुपाची वाटी घेऊन उभे होते. लपवून काय उपयोग? मी सगळं सांगून टाकलं. पोरगी सेफ होती, मॅच तुमची होती, पुणं तुमचं होतं, माझं चुकलं.

मामांनी माझ्या धोंड्यावर तुपाची धार धरली. "माहीत हाय मला. समोर घडलं की. खड्ड्यातनंच गेली ती."

"मग बोलला का नाहीत तिथे?"

"कुनाकडून बोलू? सविता घरी आल्ती."

सविताने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की पान वाढलेलं असूनही माझी भूक गेली. मी हात जोडले. म्हणालो, मामा, मी आयोजकांना फोन करतो, लिहून देतो, आपली चूक झाली म्हणून. ते म्हणाले, अंपायरनं एकदा हात वर केला की केला, राहू द्या. हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकून स्वयंपाकघरात मामींच्या हातातली पळी खाली पडली. मला भरून आलं. इतका मोठा माणूस, आणि आपण त्याला काय समजत होतो!

"मामा," मी म्हणालो, "खरं सांगा, माझ्यावर राग नाही ना?"

त्यांनी वाटीतलं उरलेलं तूप निपटून माझ्या पानात घातलं.

"महिना बुधवारी संपतोय, जावईबापू. गुरुवारी फोन करतो."