मनुके भिजेपर्यंत

नांदेडहून सकाळची एसटी निघाली तेव्हाच माझं अंग आंबलेलं होतं. मामांना आणायला चाललो होतो. मामा अहमदपूरकडच्या एका खेड्यात ख्रिस्ती मंडळीचे पाळक. हृदयाचं दुखणं विकोपाला गेलेलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, आजच दवाखान्यात आणा.

मन्याडच्या कोरड्या पात्रात बायका झरे उकरत होत्या. पुढे ‘जिल्हा लातूर’ अशी ताज्या रंगाची पाटी आली. शेजारचे म्हातारबा म्हणाले, “जिल्हा नवा झाला, पान्याचं काय?”

फाट्यावर उतरून उन्हात पायपीट केली. मामा चर्चच्या ओट्यावर बसले होते. पाय सुजलेले, समोर पातेल्यात कोरडे मनुके.

“उद्या प्रभुभोजन हाय,” ते म्हणाले. “आज न्हाई येता येनार.”

प्रभुभोजन म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची चर्चमधली आठवण; त्या प्याल्यात रात्रभर भिजवलेल्या मनुक्यांचा रस असतो. त्यासाठीचं पाणी मंडळीतली घरं पाळीनं देतात. या खेपेला मामांनी ते शिमोन आणि दानिएल या सख्ख्या भावांकडून अर्धं-अर्धं मागितलं होतं. विहिरीच्या पाण्यावरून दोघांचं बोलणं तुटलं होतं. शिमोन तांब्या घेऊन आला होता. दानिएलचा पत्ता नव्हता.

मी चिडलो. “मामा, यांच्या भांडणापायी जीव घालवता का?”

“जीव तर जाऊनच राहिला, बाबा. उरलेल्या येळाचं देवाला काय सांगू? खाटंवर पडून होतो म्हनू?”

शिमोनच्या बायकोनं भाकरी आणि येसराची (भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पुडीची) आमटी वाढली. घास तोंडात नुसता फिरत होता. तेवढ्यात फाट्यावरून शेवटची एसटी गेली. मामांचा मला भयंकर राग आला.

दिवस मावळताना दानिएल आला. हातात पाण्याचा तांब्या होता.

“दादा, पातेलं धर,” तो म्हणाला.

शिमोननं धरलं. दोघांचं पाणी पडलं तसं मामांनी डोळे मिटले. मी धावत जवळ गेलो, पण ते प्रार्थना करत होते.

दुसऱ्या दिवशी उपासना आटोपून निघालो. मामा वाटभर माझ्या खांद्यावर झोपले. दवाखान्यात ते आठवडाही टिकले नाहीत.

एक दिवस आधी आणायला हवं होतं, असं घरचे अजून म्हणतात. खरं असेल, मलाही ते टोचतं. पण मातीला (अंत्यविधीला) शिमोन आणि दानिएल एकाच एसटीनं आले, आणि शवपेटीला दोघांनी मिळून खांदा दिला.