सरड्याचा डोळा कोण बघतो?

आमच्या मुलुंडच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर एक जोडपं भाड्याने राहायचं. दोघंही कुठल्याशा मोठ्या कंपनीत. लिफ्टमध्ये भेटले की मान हलवायचे, तेवढीच ओळख. एक दिवस टेम्पो आला, सामान गेलं, फ्लॅटला कुलूप लागलं. पुढे काही दिवसांनी मालक रंगकामाची माणसं घेऊन आले आणि दार उघडलं, तर हॉलच्या कोपऱ्यात काचेची पेटी आणि पेटीत जिवंत सरडा.

सोसायटीच्या ग्रुपवर फोटो पडला आणि खाली मेसेजांची रांग लागली. कुणी नाक मुरडणारे चेहरे टाकले, कुणी विचारलं विषारी आहे का, कुणी विनोद केले. सेक्रेटरींनी फर्मान काढलं की वॉचमनने तो मागच्या नाल्याकडे सोडून द्यावा. बंद घरात इतके दिवस हा जीव काय खाऊन राहिला, हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही. मी ऑफिसातून येत होते. गेटवरच्या खुर्चीत पर्स ठेवली आणि तशीच चौथ्या मजल्यावर गेले.

मला सरड्यांचं प्रेम वगैरे काही नव्हतं. मी विमा कंपनीत काम करते, पन्नाशी ओलांडलीये, घरी मी आणि आई, दोघीच. कुत्रंसुद्धा पाळलं नाही कधी. पण त्या पेटीत तो एका प्लास्टिकच्या फांदीला धरून बसला होता, अंग मातकट, डोक्यावर शिरस्त्राणासारखा उंच तुरा, शेपटी गुंडाळलेली. उजवा डोळा सुजून बोराएवढा झालेला आणि मिटलेला. डावाही अर्धवट. वर लाल दिवा जळत होता. निघताना दिवा बंद करायचीही तसदी घेतली नव्हती त्यांनी.

"मॅडम, घाण आहे ती, तुम्ही कशाला हात लावता?" मालक म्हणाले.

"घाण तुमचे भाडेकरू ठेवून गेले," मी म्हटलं आणि पेटी उचलली.

आई बाल्कनीत पाय पसरून बसली होती. माझे बाबा परळच्या गिरणीत होते, आई लग्न होऊन मालवणहून आली ती इथलीच झाली, पण बोलणं अजून तिकडचंच. मला वाटलं, आता ही ओरडणार. तिने चष्मा लावला, पेटीत वाकून बघितलं आणि म्हणाली, "अगो, तेचो डोळो बघ केदो सुजलो हा! आधी पाणी दी तेका."

मी वाटी भरून ठेवली. तो ढिम्म. मग मोबाइलवर शोधलं तेव्हा कळलं की हा शॅमेलिऑन, रंग बदलणारा परदेशी सरडा, आणि हे वाटीतलं पाणी पीतच नाहीत, पानांवरचे थेंब चाटतात. आईने इस्त्रीचा फवारा आणला, कुंडीतली मनीप्लँटची वेल तोडून आत घातली आणि त्यावर पाणी उडवलं. बऱ्याच वेळाने त्याची जीभ बाहेर आली. तो पीत राहिला, पीत राहिला. आईने तोंडाला पदर लावला. मला रडू नाही आलं. मला त्या दोघांचे लिफ्टमधले स्वच्छ, सुवासाचे, इस्त्रीचे कपडे आठवले आणि डोकं सणकलं.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून त्याला आमच्या भागातल्या प्राण्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. बाहेर पट्ट्याला बांधलेली गुबगुबीत कुत्री, आत एसी, भिंतीवर मांजरीच्या खाण्याच्या जाहिराती. डॉक्टर पेटी बघून एक पाऊल मागे सरले.

"हे वाइल्डलाइफ आहे. मी हात लावला तर केस होईल माझ्यावर."

"इथला नाही हा. परदेशी जात आहे, दुकानात विकतात. पेटीवर दुकानाचा स्टिकर आहे, बघा."

"मग दुकानात न्या."

"डोळा सुजलाय त्याचा. दुकानदार डोळा बघेल?"

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की जणू या बाईला घरी कुणी बोलायला नाही. मग न वाकता, न टॉर्च मारता कपाटातून एक बाटली काढली. "कुत्र्यांना देतो हे ड्रॉप्स. घालून बघा. नाही जगला तर मनाला लावून घेऊ नका, सरडाच आहे." मी बाटली घेतली. तेव्हा माझ्याकडे दुसरं होतंच काय? ज्याच्या दारावर प्राण्यांचा डॉक्टर म्हणून पाटी आहे त्याने दिलेलं औषध मी घातलं. दोन्ही डोळे आणखी बिघडले.

शनिवारी मी स्टिकरवरचं ते दुकान गाठलं, घाटकोपरला. पिंजऱ्यात पोपटासारखे रंगीत पक्षी, टाक्यांत मासे, आणि मागच्या भिंतीला ओळीने काचेच्या पेट्या. तिथेही तसेच लाल दिवे, तसेच सरडे, काही भर दुपारी डोळे मिटून. मालक गल्ल्यावर बसून व्हिडिओ बघत होता.

"झोपलेत ते," तो म्हणाला.

"भर दुपारी?"

"त्यांचं टायमिंग वेगळं असतं, मॅडम."

"यांना ऊन लागतं, यूव्हीचा दिवा लागतो, असं मी वाचलं. तुम्ही हा लाल का देता?"

"कस्टमरला लाल आवडतो. रूममध्ये लूक येतो ना."

इतकं निर्लज्ज उत्तर इतक्या सहज येईल याची तयारी नव्हती माझी. मग मी आमच्या सरड्याच्या डोळ्याचा फोटो दाखवला. त्याने व्हिडिओ न थांबवता एक नजर टाकली. "हा गेला समजा. नवीन घ्या ना, परवाच माल आलाय."

माल! मी तिथेच आवाज चढवला. तो माल नाही, त्याला दुखतं, तुमच्या पोराचा डोळा असा सुजला तर नवीन पोरगं आणाल का, असं काय काय बोलले. मासे घ्यायला आलेली माणसं माझ्याकडे बघायला लागली. एका बाईने आपल्या मुलीला जवळ ओढलं, जणू मीच चावेन. दुकानदाराने व्हिडिओचा आवाज वाढवला, बस. मी बाहेर पडले.

पण एक झालं. मासे घेणाऱ्यांतला एक कॉलेजचा मुलगा मागून आला आणि म्हणाला, "आँटी, जोगेश्वरीला एक डॉक्टर आहेत, कासवं-साप वगैरे बघतात. तिकडे न्या."

रविवारी रिक्षाने गेलो, आई, मी आणि तो. टॅक्सीचा एसी त्याला चालला नसता. पवईपासून पुढे ट्रॅफिक तुंबलेलं, आईने पेटीवर ओढणी धरलेली. रिक्षावाल्याने आरशातून विचारलं काय आहे, मी सांगितलं, तो म्हणाला, "इसका भी डॉक्टर होता है क्या?" मी म्हटलं, हो, होतो. माझा सूर ऐकून त्याने नजर पुन्हा रस्त्याकडे वळवली.

जोगेश्वरीच्या डॉक्टर बाई माझ्याहून बऱ्याच लहान होत्या. त्यांनी आधी त्याला हात न लावता नुसतं बघितलं, मग मला विचारत गेल्या. दिवा कुठला? खाणं काय? पाणी कसं? मी सांगितलं की आधीच्या लोकांचं ठाऊक नाही, पेटीत पिठातल्या अळ्यांचा एक डबा होता फक्त. त्यांनी मान हलवली. "नुसत्या अळ्या, जीवनसत्त्व नाही, ऊन नाही, पाणी नाही. यांचे डोळे असेच जातात." मग मी ड्रॉप्सची बाटली पुढे केली. त्यांनी लेबल वाचलं आणि त्यांचा चेहरा बदलला.

"हे कुणी दिलं?"

मी सांगितलं.

"यात स्टेरॉइड आहे. डोळ्यात जखम असताना हे घालायचं नसतं." त्या पुढे काही बोलणार होत्या, ओठ मिटून थांबल्या. आपल्या व्यवसायातल्या माणसाबद्दल लोकांसमोर बोलायचं नाही, असं असेल. मी मात्र त्यांच्या वतीने मनात सगळं बोलून घेतलं.

शॅमेलिऑनच्या पापण्या आपल्यासारख्या नसतात. सगळा डोळा कातडीच्या शंकूने झाकलेला, मध्ये टाचणीच्या डोक्याएवढं भोक. त्या भोकातून त्यांनी सलाइनची धार सोडली. आईने त्याला मऊ सुती फडक्यात धरलं होतं. तो रागाने काळाठिक्कर पडला, तोंड वासून फुसफुसला. आणि मग उजव्या डोळ्यातून पनीरच्या चुऱ्यासारखा पू बाहेर आला, त्यामागून जुन्या कातीचा एक वाळका तुकडा. एवढासा तुकडा. कुणी वेळेवर पाणी फवारलं असतं तर आपोआप गळून पडला असता.

"उजव्याची खात्री नाही देत," डॉक्टर म्हणाल्या. "डावा वाचवू."

मग आमचं घर दवाखाना झालं. नवा दिवा लागला, जाळीचा पिंजरा आला, खऱ्या जास्वंदीची कुंडी आत गेली. सकाळ-संध्याकाळ डोळे धुणं, दुसरे ड्रॉप्स, जीवनसत्त्वांची पावडर लावलेले रातकिडे. दिसत नसल्यामुळे तो शिकार करत नव्हता. मी चिमट्याने रातकिडा त्याच्या ओठांना लावायची आणि तो तोंड उघडेपर्यंत थांबायची. कधी उघडायचा, कधी माझ्यावर फुसकारायचा.

"किती रागीट आहे बघ," मी एकदा म्हटलं.

"मगे? तुझ्या डोळ्यात कोणी रोज पिचकारी मारली तर तू हसत रवशीत?" आई म्हणाली. "तेका बोलूक येना नाय, म्हणान रंग बदलता."

तिने त्याचं नाव ठेवलं नाही, 'पावणो' म्हणायची. माझा धाकटा भाऊ बोरिवलीहून आला तेव्हा सगळा प्रकार बघून खो-खो हसला. "ताई, लोकांना चष्मा मिळत नाही आणि तू सरड्याचे डोळे धुतेस? वाट लागलीये तुझी." मी म्हटलं, "लोकांना चष्मा मिळत नाही त्यासाठी तू काय करतोस, ते सांग आधी." तो म्हणाला, अगं मस्करी केली. मला त्या मस्करीचा वीट आला होता. प्रत्येक जण मस्करी करत होता. ग्रुपवर तर 'सरडेवाल्या मॅडम' हे नाव पडलं होतं माझं, आणि ते नाव पाडणाऱ्यांपैकी एकही जण पिंजऱ्यापर्यंत आला नव्हता.

डावा डोळा हळूहळू उघडला. आधी फट, मग गोल, मग एके सकाळी तो शंकू गर्रकन फिरला आणि माझ्यावर रोखला गेला. मी ऑफिसची पर्स खांद्याला लावून तशीच उभी राहिले. त्याच आठवड्यात त्याने जीभ फेकून रातकिडा पकडला. पहिले दोन नेम चुकले, तिसरा बसला. आई टाळ्या वाजवायला लागली. उजवा डोळा मात्र आत बसला, कायमचा. आता तिथे एक सुकलेली, खोल सुरकुती आहे.

आणि मग त्या चौथ्या मजल्यावरच्या माणसाचा फोन आला. ग्रुपवर पहिल्या दिवशी पडलेला फोटो फिरत फिरत त्याच्यापर्यंत पोचला होता, सोबत माझा नंबरही.

"अहो, तो आमचाच आहे," तो हसत म्हणाला. "घाईत राहिला. मालक बघतील असं वाटलं. आता मोठा फ्लॅट घेतलाय, येऊन नेतो."

मी म्हटलं, या. मला तो समोर हवा होता. दोन दिवस मी मनात भांडण रचत होते. ऑफिसात, भाजी घेताना, अंघोळ करताना. काय बोलायचं, कुठे आवाज चढवायचा, डॉक्टरांचे कागद कधी पुढे करायचे. आई म्हणाली, "देवचो नाय तेका. माझ्या हातातसून घेवन जाऊन दाखव म्हणा."

तो आला, बूट बाहेर काढले, नम्रपणे बसला. आईने चहा टाकला होता, घरी आलेल्याला चहा न देणं तिला जमत नाही. तो फोटो काढायला मोबाइल घेऊन पिंजऱ्याजवळ गेला. मी तोंड उघडायच्या तयारीत होते.

"अरे," तो म्हणाला. "याचा एक डोळा गेला?"

"हो. तुमच्याकडेच गेला."

त्याने ते ऐकलं की नाही कुणास ठाऊक. डोकं एका बाजूला कलवून, दुकानात कपड्यावरचा डाग बघावा तसं त्याने बघितलं. मग मोबाइल खिशात टाकला.

"मग राहू दे. तुमच्याकडेच बरा आहे. आम्ही नवीन घेतो."

आणि तो बूट घालून निघून गेला. एवढंच. दोन दिवस रचलेलं सगळं मनातच राहिलं. मी दारात गेले, "ओ, थांबा!" म्हणून ओरडले, पण लिफ्टचं दार बंद झालं होतं. जिन्याने उतरले असते तर खाली गाठला असता. माझे गुडघे दुखतात. गेले नाही, याचा मला अजून संताप येतो.

आत आले तर आई चहाचा कप हातात घेऊन उभी होती. "गेलो?" तिने विचारलं. मी मान हलवली. तिने त्याचा चहा माझ्या हातात दिला. मी तो गरम गरम, उभ्यानेच प्यायले.