भर दुष्काळात भाताचा चिखल

आमच्या माती प्रयोगशाळेत काचेचं सामान फुटून कमी व्हायचं आणि किस्से मात्र वाढतच जायचे! लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालेलं. कचेऱ्यांच्या पाट्यांचा रंग तेवढा ओला होता, बाकी सगळा ठणठणाट. अशा दुष्काळात आमच्या बिराजदार सरांनी विषय घेतला भाताच्या पाणी तुंबलेल्या मातीतल्या आर्सेनिकचा, म्हणजे आपल्या सोमलाचा. धन्य तो माणूस!

*

माती हवी भाताची. म्हणून सरांनी आणि मी हिमायतनगरहून दोन पोती एसटीत चढवली. कंडक्टरनं पोत्यात हात घातला.

"माती? लातूरची माती बी संपली का काय?"

"ही भाताची आहे," सर म्हणाले.

"सर, पाण्याची पोती न्या! लातूरवाले ओवाळतील तुम्हाला!"

*

सत्तारभाई आमचे शिपाई. कुंड्यांत पाणी कशाला तुंबवायचं, हे सर त्यांना समजावत होते. मातीतला लोखंडाचा गंज सोमलाला धरून बसतो. वर पाणी साचलं की खाली हवा संपते, मग जंतू श्वासासाठी त्या गंजालाच कामाला लावतात. गंज विरघळतो, सोमल सुटतो आणि थेट भाताच्या मुळाशी जातो.

सत्तारभाईंनी मान डोलावली. "म्हणजे हवालदार विरघळला, चोर फरार!"

लोहा गावच्या शेतकरी मेळाव्यात सरांनी हेच वाक्य खुशाल स्वतःचं म्हणून ठोकलं. टाळ्याही घेतल्या.

*

सर पक्के लिंगायत, गळ्यात लिंग. घरात अंड्याचं नावही चालत नसे. एकदा मोठे साहेब तपासणीला आले आणि कुंड्यांच्या खोलीत शिरताच थबकले. सरांना बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "बिराजदार, तुम्हीसुद्धा अंडी? आणि तीही नासकी?"

सर आनंदानं ओरडले, "नाही साहेब! जंतूंनी गंधकाचा वायू सोडलाय! प्रयोग जमला!"

उरलेली तपासणी साहेबांनी व्हरांड्यातूनच केली.

*

उन्हाळा चढला आणि टँकरचा भरवसा राहिला नाही. कुंड्या एकदा जरी सुकल्या तर हवा शिरणार, गंज परत धरणार, सोमल परत अडकणार. लोकांची मेहनत पाण्यात जाते, सरांची पाण्याबाहेर जाणार होती! बिचारे आपल्या अंघोळीची बादली सायकलला अडकवून आणायचे. मला फार वाईट वाटायचं.

विषाच्या भीतीनं त्या खोलीला कायम कुलूप. गल्लीत एवढंच माहीत, की सरांनी आत काहीतरी पाण्यात ठेवलंय आणि ते सुकता कामा नये.

एका सकाळी समोरच्या शिवकांताबाई घागर घेऊन दारात आल्या. मागे गल्लीतल्या बायका, प्रत्येकीच्या हातात तांब्या.

"सर, हे घ्या. लेकरांच्या वाट्याचं न्हाई, आमच्या वाट्याचं हाय. पण सुकू देऊ नका."

सरांनी घागर स्वतः उचलून आत नेली. रोज तांबे येत राहिले, कुंड्या तुडुंब राहिल्या. "बघा," सर मला म्हणायचे, "लोकांना संशोधनाची लई कदर हाय!"

मग एकदाचा पाऊस लागला. चार दिवस उघडीप नाही. शिवकांताबाई सगळ्या बायकांना घेऊन आल्या, हातात हळदकुंकू आणि नारळ. सरांनी हसून नमस्कार केला.

"तुमच्यामुळं वाचलो, बाई! आता अजून पंधरा दिवस असंच बुडवून ठेवायचं."

शिवकांताबाईंनी घाईनं नारळ पुढं केला.

"अजून पंधरा दिवस? न्हाई न्हाई सर, आता महादेवाला बाहेर काढा! न्हाई तर मांजरा नदी दारात येतीया बघा!"