आजोबांचा मोतीबिंदू आणि माझा मोरपिशी फॉन्ट

माझ्या वेबसाइटमुळे सडक अर्जुनी गावच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं.

वेबसाइट डोळ्यांच्या दवाखान्याची नव्हती. भाचीच्या सोयरिकीची होती!

मी मुळात कमी बोलणारा. बायको म्हणते, याच्या तोंडातून शब्द काढायचा तर पाना-पकड घेऊन बसावं लागतं. पण त्या वेळी मी जो गप्प राहिलो, तो काही स्वभाव नव्हता. ती शुद्ध लबाडी होती. आता पन्नाशी उलटली, पोटात ठेवायला जागा उरली नाही, म्हणून सांगतो.

माझी भाची पिंकी आमगावची. माझ्या बहिणीची एकुलती एक. तिच्यासाठी सडक अर्जुनीचा मुलगा सांगून आला. नागपूरला नोकरी, घरी धानाची शेती, हायवेला लागून घर. पोरांनी एकमेकांना पाहिलं, पसंत केलं. (पसंत म्हणजे किती, तर पिंकी आरशासमोर उभी राहून वरण ढवळायला विसरू लागली.) साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, तेवढा बाकी होता.

पण मुलाच्या घरची एक रीत होती. साक्षगंधाआधी मुलीच्या घरचा परिचय लिहून मागवायचा, आणि घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाने तो सर्वांसमोर मोठ्याने वाचायचा. कूळ, मामकूळ, शिक्षण, शेती, सगळं. वाचन पुरं झाल्याशिवाय कुणी तोंड गोड करायचं नाही. त्या घरात वाचणारे होते मुलाचे आजोबा, ज्यांना सगळे बाबूजी म्हणत. रोज सकाळी ओट्यावर बसून अख्ख्या मोहल्ल्याला पेपर वाचून दाखवणारा माणूस!

"दादा, एका कागदावर चांगल्या अक्षरात लिहून दे ना," बहीण म्हणाली.

आणि मी त्या वर्षी गोंदियाला कॉम्प्युटर क्लासला जात होतो!

"कागद कायले?" मी म्हणालो. "वेबसाइट बनवतो. मुलाजवळ लॅपटॉप आहे. जमाना कुठे गेला, बाई!"

वेबसाइट बनवली. मजकूर पाच मिनिटांत झाला, अक्षर निवडायला आठवडा गेला. साधं अक्षर मला तहसीलच्या नोटिशीसारखं वाटे. शेवटी एक फॉन्ट सापडला. काय सांगू! प्रत्येक काना मोराच्या मानेसारखा वाकलेला, प्रत्येक वेलांटी शेजारच्या दोन अक्षरांवर पिसारा टाकून बसलेली, डोक्यावरची रेघ गायब. जाडी केसाएवढी. रंग दिला सोनेरी. मागे फिकट गुलाबी. वर अक्कल अशी की कुणाच्या कॉम्प्युटरवर फॉन्ट बिघडू नये म्हणून अख्ख्या मजकुराचं चित्रच करून टाकलं. म्हणजे मोठं करायला जावं तर अक्षर मोठं होत नसे, फक्त धूसर होई.

बायकोने पडद्याला नाक लावून पाहिलं. "हे वाचता येते काय जी?"

"वाचायचं नसतं. बघायचं असतं," मी म्हणालो.

या वाक्याबद्दल मला फटके पडायला हवे होते.

ठरल्या दिवशी आम्ही सडक अर्जुनीला गेलो. माणसांनी खोली भरलेली. पाटावर लॅपटॉप, शेजारी पेढ्यांचं ताट, समोर बाबूजी. पांढरं धोतर, काळ्या काड्यांचा चष्मा. मुलाने साइट उघडली. बायकांमधून "अगं बाई!" असा आवाज आला. माझी छाती दोन इंच फुगली.

बाबूजींनी घसा साफ केला.

पुढे काही आलं नाही.

त्यांनी चष्मा वर केला. खाली केला. काढून धोतराला पुसला. हायवेवरून एक ट्रक गेला. दुसरा गेला. भाऊजींनी, म्हणजे पिंकीच्या वडिलांनी, माझ्याकडे पाहिलं. मी पेढ्यांकडे पाहिलं.

"बाबूजी, जरा मोठं करतो," मुलगा म्हणाला. केलं. सोन्याचा चिखल झाला!

"मी वाचू का बाबूजी?" मुलाचे वडील पुढे झाले.

"या घरात मी वाचत असतो," बाबूजी म्हणाले. मग हळूच, "तुले दिसून राहिलं काय?"

मुलाच्या वडिलांनी पडद्याकडे डोळे बारीक केले, मग आमच्याकडे पाहिलं. पाहुण्यांचा अपमान कसा करायचा?

"हो ना! एकदम साफ आहे."

"मस्त दिसून राहिलं," मुलाचे काका म्हणाले.

"मोत्यासारखं अक्षर आहे जी!" ही मुलाची मावशी. (मावशींचा चष्मा घरी राहिला होता, हे मला नंतर कळलं.)

म्हणजे खोलीत सगळ्यांना दिसत होतं, एकट्या बाबूजींना दिसत नव्हतं. म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. त्यांनी लॅपटॉप स्वतःच्या हाताने मिटला.

"माह्या डोऱ्यात बिघाड झाला," ते म्हणाले. "मी वाचल्याशिवाय साक्षगंध नाही होत. थांबा मंडळी."

ताट झाकलं गेलं. एका वाक्याचं काम होतं! 'बाबूजी, दोष डोळ्याचा नाही, अक्षराचा आहे.' पण मघाशी फुगलेली छाती मध्ये आली. मी चहा प्यालो.

चार दिवसांनी भाऊजींचा फोन. "बालाघाटचं एक स्थळ त्या पोरासाठी येऊन राहिलं म्हणते. हे लांबलं तर गेलं समजा."

पिंकीने फोन ओढून घेतला. "मामाजी, आजोबाचे डोळे ठीक होतील ना?"

"होतील बेटा."

तिच्या आवाजाने मला जेवण गेलं नाही. मी साध्या अक्षरात परिचय छापून, मोटारसायकल काढून सडक अर्जुनी गाठली. मनाशी ठरवलं, आज सांगायचंच. दाराला कुलूप! शेजारची बाई म्हणाली, "बाबूजीले गोंदियाले नेलं ना जी. डोऱ्याच्या ऑपरेशनले."

मी कशी मोटारसायकल वळवली, ते मलाच माहीत नाही. दवाखान्यात पोचलो तेव्हा बाबूजी हिरवा झगा घालून बाकावर बसले होते. कपाळावर, उजव्या डोळ्याच्या वर, कोणता डोळा कापायचा त्याची खुणेची पट्टी. मी डॉक्टरांकडेच धावलो.

"डॉक्टरसाहेब, ऑपरेशन गरजेचंच आहे का?"

"मोतिया तो है, भैया. थोडा कच्चा है. आराम से रुक सकते थे," डॉक्टर म्हणाले. "पर दादाजी बोलते हैं, लड़के की सगाई अटकी है, आज ही करो!"

मी बाकाजवळ गेलो. "बाबूजी, एक सांगायचं होतं..."

त्यांनी माझा हात धरला. "मामाजी, तुमी कायले इतक्या दूर आले? फिकर नोका करू. तुमी एवढ्या मेहनतीनं बनवलं. मी वाचूनच दाखवतो."

आता सांगा, यापुढे कुणाच्या तोंडून शब्द निघेल? खिशातला साधा कागद माझ्या घामाने भिजला, आणि बाबूजी आत गेले.

नवा चष्मा आल्यावर पुन्हा बोलावणं आलं. तीच खोली, तोच पाट, नवे पेढे. बाबूजींनी आधी पेपरच्या शेवटच्या पानावरच्या मुंगीएवढ्या जाहिराती घडाघडा वाचल्या. मग औषधाच्या पाकिटावरची तारीख. मग खिडकीतून हायवेवरच्या ट्रकमागचा मजकूर! टाळ्या पडल्या. मुलाने लॅपटॉप उघडला.

बाबूजी वाकले. घसा साफ केला.

ट्रक गेला.

मग ते सावकाश मागे टेकले आणि नव्या चष्म्यातून त्यांनी सरळ माझ्याकडे पाहिलं.

"मामाजी, आणखी एक डोरा उरला आहे. तोबी कापू, की तुमी अक्षर बदलवता?"

भाऊजींचा हात पागोट्याकडे गेला, काढून बाबूजींच्या पायावर ठेवायला. आणि मी काय करावं? शेवटच्या क्षणीही अब्रू वाचवायला निघालो!

"वाचता येतं बाबूजी. हे बघा," म्हणत मी पाटाजवळ बसलो आणि अख्खा परिचय धडाधड म्हणून दाखवला. माझाच मजकूर होता. तोंडपाठ!

बाबूजींनी शांतपणे पडद्याच्या मधोमध बोट ठेवलं. "आता इथून."

मी पाहिलं. एक मोर. दुसरा मोर. मधे काहीतरी फुटलेलं. घाम डोळ्यात उतरला.

"का जी?"

"नाही येत," मी म्हणालो. "मलाही येत नाही. पहिल्या दिवसापासून अक्षरातच खोट होती. मला माहीत होतं."

मग मावशी म्हणाल्या, "मलेबी काही दिसत नव्हतं जी!" काका म्हणाले, "मले वाटलं, मीच अडाणी." मुलाच्या वडिलांनी तर कपाळच धरलं. बाबूजींनी हात पुढे केला. दवाखान्यापासून खिशात बाळगलेला तो साधा, घामाचे डाग पडलेला कागद मी काढून दिला. त्यांनी एका दमात वाचला, मामकुळाच्या ओळीवर थांबून माझं नाव जरा जास्तच मोठ्याने उच्चारलं, आणि पहिला पेढा पिंकीच्या वडिलांच्या तोंडात घातला.

मग मुलाला म्हणाले, "त्या डॉक्टरले फोन लावजो. मामाजीले मोतीबिंदू आहे."

मला वाटलं, गंमत आहे. गंमत नव्हती! दुसऱ्या दिवशी नव्या सोयऱ्यांनी मला धरून दवाखान्यात नेलं आणि डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत औषध घालून अर्धा तास तपासलं. डोळे ठणठणीत निघाले.

एखादा मोतीबिंदू सापडला असता, तर आज सांगायला निदान काही कारण तरी असतं!