बिननावाच्या रजया

हनीफचाचांचं नाव आधी लिहितो, मग बाकीचं. आज ढाणकीत मी दोन वेळ जेवतोय, डोक्यावर छत आहे, हाताला काम आहे, ते त्यांच्यामुळे. पुढचं वाचून तुम्ही मला वेड्यात काढलंत तरी चालेल, पण हे नाव लक्षात ठेवा.

मी मूळचा संगमेश्वर तालुक्यातला. आठवीत शाळा सोडली, तेव्हा लिहिताना चुकलं तर सांभाळून घ्या. पाच वर्षं बोअरवेलच्या गाडीवर होतो. स्मशानाच्या कडेला, ओसाड माळावर, सांगतील तिथे झोपलोय... कधी काही दिसलं नाही. आमच्याकडे भुताखेतांच्या गोष्टी ढिगाने सांगतात, मी एकही मानली नाही. आजही मानत नाही. पण गेल्या दिवाळीच्या आधी दुकानात जे झालं, ते काय होतं हे मला सांगता येत नाही.

गाडी उमरखेडकडे आली तेव्हा मी तापाने फणफणलो होतो. मालकाला थांबायला वेळ नव्हता. मला ढाणकीत एका दुकानाच्या ओट्यावर उतरवून ते लोक पुढे गेले. दुकान हनीफचाचांचं — गाद्या आणि रजयांचं. मला एवढंच आठवतं की कोणीतरी सारखं विचारत होतं, "नाव काय रे तुहं? पोरा, नाव सांग!" मला वाटलं पोलिसांना कळवायचं असेल. नंतर कळलं, ते माझ्यासाठी रजाईचं तोंड शिवत होते.

त्यांची पद्धतच तशी. खोळीत पिंजलेला कापूस भरायचा, डोरे म्हणजे कापूस जागेवर धरणारे लांब टाके घालायचे, आणि शेवटी हातभर उघडं राहिलेलं तोंड शिवायचं. ते शिवताना रजाई ज्याच्यासाठी आहे त्याचं नाव घ्यायचं, मगच गाठ. चाचांचे अब्बा तसंच करायचे. मला ती म्हाताऱ्या माणसाची सवय वाटायची, बाकी काही नाही. ताप उतरल्यावर त्यांनी मला दुकानात कामाला ठेवून घेतलं, तेव्हापासून मी इथेच.

चाचांची मुलगी शबानाआपा बी.कॉम. आहे. तिने दुकान मोबाईलवरच्या ॲपवर टाकलं. आदल्या दिवाळीत ऑर्डरी एकदम आल्या आणि माल उशिरा गेला. ॲपवाल्यांनी कळवलं की पुन्हा असं झालं तर दुकान बंद करू. गावातलं गिऱ्हाईक तयार ब्लँकेटकडे वळलेलं, म्हणजे ॲप गेलं की दुकानही गेलंच. म्हणून दसरा झाल्यावर मीच शहाणपणा केला. म्हटलं, चाचा, तीस रजया आधीच शिवून ठेवू. ऑर्डर आली की पिशवी, खोकं, टेप, लेबल... चारच्या कुरिअरच्या गाडीत.

चाचा सुई हातात धरून बसले. "हे कोनासाठी हाये?"

"जो ऑर्डर करेल त्याच्यासाठी."

"म्हंजे कोनासाठीच नाई."

"अब्बा, आता लोकं दुकानात येऊन बसत नाईत," आपा म्हणाली. "कायले जिद करून राह्यले?"

चाचांनी सुईत धागा ओवला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "कोकन्या म्हनते त करू. त्यानं दुनिया पाह्यली."

हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं, वाटलं नाही. माझा स्वभावच तसा, कोणी विश्वास टाकला की आधी भीती वाटते.

पंधरा दिवस आम्ही राबलो. गुरुवारी संध्याकाळी शेवटची, हिरव्या खोळीची रजाई राहिली. चाचांचे डोळे दुखत होते, म्हणून तिचं तोंड मी शिवलं. माझा पहिलाच हात. त्यात आईचा फोन आला. मोबाईल कान आणि खांद्यात धरून बोलत बोलत शिवत होतो, टाके नांगरटीसारखे वाकडे. आपा हसून म्हणाली, "भाऊ, हे रजाई हाये का बारदाना?" तीस मोजून तखतावर रचल्या आणि कुलूप लावलं. किल्ल्या दोनच, एक चाचांकडे, एक माझ्याकडे.

शुक्रवारी सकाळी दुकान उघडलं. रजया रचल्या तशाच होत्या. वरची उचलली तर कापूस बाहेर डोकावत होता. दुसरी उचलली, तिसरी... सगळ्यांची तोंडं उघडी. धागा तुटला नव्हता, कापलेला नव्हता. गाठ सुटून नुसता लोंबत होता. फक्त माझी हिरवी तेवढी बंद.

मी चाचांना आणि आपाला बोलावलं. आपा म्हणाली, "नवा धागा गुळगुळीत असन, गाठ सरकली असन. तुहे जाडे टाके तेवढे टिकले पाह्य." मला पटलं. तिघांनी बसून सगळी तोंडं पुन्हा शिवली, या वेळी दोन-दोन गाठी मारून. वर प्रत्येक रजाई प्लास्टिकच्या पिशवीत घालून मी स्वतः टेप लावला. तोवर मोबाईलवर बावीस ऑर्डरी पडल्या होत्या. साडेबाराला चाचा जुम्म्याच्या नमाजला गेले. मी कुलूप लावून आपासोबत चाचांच्या घरी जेवायला गेलो. किल्ली माझ्या खिशात होती.

अडीचला आम्ही तिघांनी मिळून दुकान उघडलं. पिशव्यांवरचा टेप जसाच्या तसा होता. आणि आतून, प्लास्टिकला चिकटून, पांढरा कापूस दिसत होता. एकोणतीस पिशव्यांत. हिरवी पुन्हा बंद.

मी चाचांकडे वळलो. म्हटलं, "चाचा, मी काही नाही केलं. आईशपथ. माझ्यामुळे झालं असेल तर मी जातो."

"कुठी जातं?" चाचा म्हणाले. "अल्लाहचं नाव घे अन् सुई घे. शबाना, याले मोबाईल दे. तू नावं वाच बेटा, मी शिवतो."

नावं इंग्रजीत. मी अडखळत होतो, कानशिलं तापली. आपा फोन घ्यायला आली तर चाचांनी तिला हातानेच थांबवलं. सुई तशीच धरून म्हणाले, "आरामात वाच. उशीर झाला त चालन, नाव चुकलं नाई पाह्यजे." मी अक्षर अक्षर लावून वाचलं... लातूरच्या सुमनबाई. चाचा पुटपुटले, "लातूरच्या सुमनबाईसाठी," आणि गाठ मारली. मग नाशिकचे कोणी, मग नागपूरचे. कुरिअरचा पोरगा हॉर्न वाजवत होता, आपाने त्याला चहा पाजून अडवून धरलं. साडेचारला बावीस खोकी गाडीत चढली.

एकही परत आली नाही. एकाचीही तक्रार नाही. धागा तोच होता.

गाडी गेल्यावर चाचांनी हिरवी रजाई मांडीवर घेतली. माझ्या वाकड्या टाक्यांवरून बोट फिरवलं. "हे शिवताना कोनाचं नाव घेतलंतं?"

"कोणाचंच नाही, चाचा."

"आठव."

आणि मला आठवलं. फोनवर आई सांगत होती, आजारपणानंतर पहाटेची थंडी आता सोसत नाही, अंगावर घ्यायला काही धड नाही. आणि मी टाके घालता घालता म्हणत होतो — हो आई... घे काळजी, आई... पाठवतो काहीतरी, आई. शेवटची गाठ मारली तेव्हाही हेच चाललं होतं.

चाचांना सांगितलं. ते हसले नाहीत, घाबरलेही नाहीत. खोकं ओढून म्हणाले, "मंग हे त कवाचीच तिची झाली. पत्ता लिही."

उरलेल्या सात आम्ही तोंड उघडं ठेवूनच रचल्या. आता तीच पद्धत आहे. माल तयार, पण तोंड ऑर्डर आल्यावर, नाव घेऊनच. गाडी एकदाही चुकली नाही, दुकान चालू आहे. आई फोनवर सांगते की रजाई फार ऊब देते, टाके तेवढे वाकडे आहेत. मी तिला बाकीचं सांगितलेलं नाही.

उंदीर म्हणाल तर दाताची खूण नव्हती. कोणी खोडी केली म्हणाल तर टेप शाबूत होता. मी वर्षभर विचार करतोय, उत्तर नाही. तुमच्यापैकी कोणाला सुचलं तर लिहा.

एक गोष्ट मात्र ठरली आहे. चाचा स्वतः फाटक्या गोधडीत झोपतात. त्यांच्यात, म्हणजे रजया भरणाऱ्यांत, स्वतःची रजाई स्वतः भरत नाहीत. त्यांचे मोठे भाऊ होते तोवर ते भरून द्यायचे, आता कोणी नाही. मी पिंजायला शिकलोय, भरायला शिकतोय, डोरे अजून सरळ पडत नाहीत. पण ज्या दिवशी पडतील, त्या दिवशी एक रजाई सुरुवातीपासून शेवटपर्यंत मी एकटा करणार आहे. आणि तोंड शिवताना मोठ्याने म्हणणार आहे, ढाणकीच्या हनीफचाचांसाठी.